फुकट शेअर-भाव दाखवणारं ॲप: तीन स्टार, तेही संध्याकाळी बघणार असाल तरच

आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना खालपर्यंत यायला नको. शेअरचे भाव फुकटात दाखवणारं जे ॲप सध्या आपल्याकडं जळगाव, भुसावळ, पाचोरा भागात बऱ्याच जणांच्या मोबाईलात दिसतं ते वाईट नाहीये. दिसायला चांगलं आहे, मराठीत चालतं, बॅटरी खात नाही, पैसे मागत नाही. फक्त त्यातला भाव आत्ताचा नसतो, पंधरा मिनिटांपूर्वीचा असतो, आणि ही गोष्ट ते ॲप इतक्या बारीक करड्या अक्षरात सांगतं की चष्मा असलेल्या माणसालाही ती दिसू नये अशीच त्यांची इच्छा असावी. नाव घेत नाही, कारण हे एकट्या त्याचं नाही, अशी भरपूर ॲप आणि वेबसाइट आहेत आणि सगळ्यांचं घोडं इथंच पेंड खातं.

त्याच्या पेजवर एक-एक स्टारवाले रिव्ह्यू वाचले तर सगळ्यांचा सूर एकच. ॲप स्लो आहे, सर्व्हर टुकार आहे, अपडेट केल्यापासून बिघडलं, नेट फुल असूनही भाव हलत नाही. आमचे दाजी पण त्याच पंथाचे. पाचोऱ्याला खतांचं दुकान आहे त्यांचं, सकाळी गिऱ्हाईक कमी असलं की मोबाईल काढून बसतात, आणि मग मला फोन, "काय भो, तुमच्या गोलाणी मार्केटात मोबाईल रिपेरिंगवाले आहेत ना, जरा विचारा ना त्यांना, हे ॲप हँग होऊन राहिलं." मी म्हटलं दाजी फोनला काही झालेलं नाही आणि ॲपलाही नाही. पटेना. मग ते जळगावला आले तेव्हा दुकानातच दोन फोन शेजारी शेजारी ठेवले, एकावर माझ्या ब्रोकरचं ॲप, दुसऱ्यावर दाजींचं फुकटचं, दोन्हीकडं एकच शेअर.

९ वाजता प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधी सुरुवातीचा भाव ठरवायची वेळ, सुरू झालं, ९ वाजून ८ मिनिटांच्या आसपास माझ्या फोनवर सुरुवातीचा भाव ठरलेला दिसला, आणि ९:१५ ला बाजार उघडल्याबरोबर आकडे पळायला लागले. दाजींच्या फोनवर काय? कालचाच बंद भाव, ढिम्म. शेजारी हिरवा ठिपका मात्र मजेत लुकलुकतोय, बाजार चालू आहे म्हणून. दाजींनी ॲप बंद करून उघडलं, एरोप्लेन मोड करून पाहिला, वायफाय बदललं, शेवटी फोनच बंद करून चालू केला, आणि बरोब्बर ९:३० झाले तसा आकडा हलला. दाजी खूश, म्हणे रिस्टार्ट केल्यावर चाललं बघा! मी काही बोललो नाही. दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला, माझ्या फोनवर सगळं शांत, आणि दाजींच्या फोनवर भाव अजून वर-खाली होऊन राहिले, पावणेचारपर्यंत. तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि थेट अहिराणीवर आले, "म्हंजे भाव ते कवयना पुढे निंघी गया!" म्हणजे भाव तर कधीचाच पुढं निघून गेला.

हे जरा नीट लक्षात घ्या कारण बहुतेक रिव्ह्यू इथंच चुकतात. ॲप स्लो असतं तर कधी दोन मिनिटं मागं राहिलं असतं, कधी वीस, पावसाळ्यात टॉवर गेला की आणखी. हे पठ्ठं रोज तेवढंच मागं. म्हणजे मशीन एकदम व्यवस्थित चालतंय, भाव मुद्दाम अडवून ठेवलाय. आणि तो ॲपवाल्याने पण अडवलेला नाही, त्याला मिळतोच तसा.

भाव कुठं तयार होतो ते बघा. तुम्ही ब्रोकरच्या ॲपमधून ऑर्डर टाकता, ती एक्सचेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, कॉम्प्युटरवर जाते, तिथं घेणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या ऑर्डरी जुळतात, सौदा होतो, आणि शेवटच्या सौद्याचा जो दर तोच आपण भाव म्हणून बघतो. म्हणजे हा आकडा एनएसई किंवा बीएसई या आपल्या शेअर बाजारांच्या पोटात जन्मतो आणि तो त्यांचा माल आहे. खरोखरचा माल, विकायचा. एनएसईची त्यासाठी वेगळी कंपनीच आहे, एनएसई डेटा अँड ॲनालिटिक्स, पूर्वी तिला डॉटेक्स म्हणायचे. तिच्याकडं डेटाचे प्रकार आहेत: ताजा लाइव्ह, त्यातही नुसता वरचा भाव हवा का घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या खालच्या पाच-पाच बोली पण हव्यात त्याप्रमाणे वेगळा, मग ठराविक मिनिटांनी एकदा मिळणारा, मग उशिराचा, आणि सगळ्यात शेवटी दिवस संपल्यावरचा. जितका ताजा तितका महाग. ज्या ॲपचं उत्पन्न फक्त जाहिरातींवर आहे तो लाखो फुकट्या लोकांसाठी लाइव्हचे पैसे कशाला भरेल? तो उशिराचा घेतो आणि आपल्याला वाटतो.

आपल्याकडं हे समजायला अवघड जाऊ नये. केळीचा भाव बघा ना. रावेर-यावलचा शेतकरी पेपरात छापलेला बोर्डाचा भाव वाचतो, व्यापाऱ्याला मात्र आज बऱ्हाणपूरला काय फुटलं आणि दिल्लीचा पार्टीवाला काय देतोय हे बांधावर उभं असतानाच माहीत असतं. पेपरातला भाव खोटा नसतो, पण तोवर माल कापून ट्रकमध्ये भरून झालेला असतो.

पंधराच मिनिटं का, असं दाजींनी विचारलं आणि प्रश्न चांगला आहे. यात शास्त्र काही नाही, वहिवाट आहे. अमेरिकेतही फुकट भावाला पंधरा आणि काही ठिकाणी वीस मिनिटांचा उशीर हाच रिवाज चालत आला. हिशोब सरळ आहे, उशीर एवढा पाहिजे की त्या भावावर कुणी सौदा करून कमवू शकणार नाही, आणि एवढाही नको की बघणाऱ्याला शिळं वाटून त्याने बघणंच सोडावं. तिकडं तर आणखी एक गंमत आहे, लाइव्ह भाव घेणारा साधा माणूस असेल तर फी कमी, आणि धंदा म्हणून वापरणारा असेल तर तोच भाव कितीतरी महाग. आकडा तोच, डोळे कुणाचे त्यावर किंमत.

भाव म्हणजे मालमत्ता हे काही आजचं नाही. १८६७ ला न्यूयॉर्कमध्ये तारेवरून कागदी पट्टीवर भाव छापणारं टिकर मशीन आलं आणि तेव्हापासून ताजा भाव ही विकत घ्यायची वस्तू झाली. मग अमेरिकेत काही दुकानं निघाली, बकेट शॉप म्हणायचे त्यांना, तिथं लोक एक्सचेंजच्या भावावर नुसती पैज लावायचे, खरा सौदा कुठं व्हायचाच नाही. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड हे तिथलं एक्सचेंज म्हणालं आमचे भाव तुम्ही वापरायचे नाहीत, भांडण पार तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९०५ ला कोर्टाने सांगितलं की एक्सचेंजने गोळा केलेले भाव ही त्याची मालमत्ता आहे, कुणाला द्यायचे कुणाला नाही हे तो ठरवू शकतो. न्यायमूर्ती होम्स यांचा निकाल आहे तो.

आता बकेट शॉप वाचून ज्यांना आपल्याकडचा डब्बा आठवला त्यांचं बरोबर आहे, तोच प्रकार. डब्बा ट्रेडिंग म्हणजे एक्सचेंजवर ऑर्डर न जाता एखाद्याच्या वहीत तुमचा सौदा लिहिला जातो, ना टॅक्स ना कागद, आणि भाव मात्र एक्सचेंजचाच वापरतात. १९५६ च्या सिक्युरिटीज काँट्रॅक्ट्स कायद्याखाली तो गुन्हा आहे, तरी कुठं कुठं चालतो हे मी काय सांगायला पाहिजे. ज्याच्याकडं लाइव्ह भाव नाही त्याला डब्बा चालवता येत नाही, कारण पंधरा मिनिटं जुन्या भावावर पैज घेतली तर ब्रोकरचं ॲप हातात असलेलं कुठलंही पोरगं त्याला पहिल्याच दिवशी भिकेला लावेल. म्हणजे भाव अडवण्यामागं एक्सचेंजचा गल्ला आहे हे खरंच, पण नुसता गल्लाच आहे असंही नाही.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने पण यात हात घातलाय. मध्यंतरी शेअरचे खोटे-खोटे सौदे करून बक्षिसं जिंकायची ॲप निघाली होती, क्रिकेटची टीम लावतात तसा पोर्टफोलिओ लावायचा आणि खऱ्या भावावर पॉइंट मिळवायचे. २४ मे २०२४ ला सेबीने सर्क्युलर काढलं की बाजार सुरळीत चालायला किंवा नियमाप्रमाणे लागत असेल तेवढं सोडून लाइव्ह भाव त्रयस्थ कुणाला द्यायचा नाही, आणि शिक्षणासाठी द्यायचा तर एक दिवस जुना. त्यानंतर २९ जानेवारी २०२५ ला आणखी घट्ट केलं, जे शेअर बाजार शिकवतात त्यांनी तीन महिने जुने भाव वापरून शिकवायचं. क्लासच्या नावाखाली लाइव्ह टिपा देणाऱ्यांना बरोबर चाप. याबाबतीत मी सेबीच्या बाजूने आहे, कुणाला राग आला तर येऊ द्या. शिकवायला जुना भाव पुरतो, टिप द्यायलाच ताजा लागतो.

आणि ताज्या भावाला किंमत किती असते हे बघायचं असेल तर एनएसईचंच को-लोकेशन प्रकरण घ्या. मोठे ब्रोकर आपले सर्व्हर एक्सचेंजच्याच जागेत भाड्याने ठेवतात म्हणजे भाव पोचायला वायरचं अंतरसुद्धा नको. त्यात पूर्वीची पद्धत अशी होती की जो आधी कनेक्ट होईल त्याला डेटा आधी, बाकीचे रांगेत. आधी म्हणजे सेकंदाचा किती बारीक तुकडा, पण त्यावरून एवढं रान उठलं की ३० एप्रिल २०१९ ला सेबीने एनएसईला सुमारे ६२५ कोटी, वर व्याज, भरायचा आदेश दिला. पुढं जानेवारी २०२३ ला सॅटने, म्हणजे सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, तो आकडा रद्द करून १०० कोटी भरायला सांगितलं. लोक तिकडं सेकंदाच्या तुकड्यावरून कोर्टात जातात आणि इकडं आपले दाजी पाव तास जुन्या भावावर इंट्राडे, म्हणजे आजच घेऊन आजच विकायचा सौदा, करायला निघालेत.

हो, इंट्राडे. खरी अडचण तीच आहे. नुसतं बघत असते तर मी एवढं लिहिलंच नसतं. समजा फुकटच्या ॲपवर भाव ४१२ दिसतोय आणि बाजारात तो ४१८ ला गेलाय. तुम्ही ४१२ ची लिमिट ऑर्डर, म्हणजे त्याच्या वर घ्यायचं नाही अशी, लावली तर ती नुसती लटकून राहील, आणि तुम्ही ब्रोकरला शिव्या देत बसाल. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्यायची, मारली तर ४१८ ला बसेल आणि मग वाटेल की कुणीतरी मधल्या मधे सहा रुपये खाल्ले. कुणीच खाल्ले नाहीत. उलट विकताना जास्त वाईट, भाव पडत असताना तुम्हाला वाटतं अजून थोडी जागा आहे, आणि तिकडं लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडायची मर्यादा, लागून खरेदीदारच संपलेले. ज्या शेअरला पाच टक्क्यांचं सर्किट आहे त्यात पंधरा मिनिटं म्हणजे सगळा खेळ होऊन जातो.

त्यामुळं या ॲपमधलं जे फीचर मला सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते म्हणजे अलर्ट. भाव अमुकला आला की घंटी वाजवतो म्हणे. वाजते, पण पंधरा मिनिटांनी. माणूस दचकून फोन उघडतो, ब्रोकरकडं ऑर्डर टाकतो, आणि भाव तोवर परत माघारी गेलेला. उशिराच्या भावावर घंटी लावण्यात काय अर्थ आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत. निदान घंटीच्या मेसेजमध्ये तरी लिहा की हा भाव इतक्या वाजताचा.

सर्च पण जेमतेम. आपल्या जळगावकरांना सवयीने जैन इरिगेशन बघायची असते, नुसतं जैन टाकलं की नावात जैन असलेलं सगळं येतं, आणि त्यात जैन इरिगेशनचे दोन वेगवेगळे शेअर, एक साधा आणि एक डीव्हीआर, म्हणजे मताचा हक्क कमी असलेला. ॲप दोन्हीसमोर तेच नाव लिहितं, भाव मात्र वेगळे. नवीन माणसाला वाटणार एक ताजा आणि एक शिळा. तसं नाहीये भो, ते दोन वेगळे कागद आहेत. तीच गत एनएसई-बीएसईची, एकाच शेअरचा दोन्हीकडं काही पैशांचा फरक असतो, आणि ॲप कुठला दाखवतंय हे कळायला आत जाऊन तीन टप्पे खाली जावं लागतं.

बंद भावावरून पण लोक भांडतात. साडेतीनला शेवटचा सौदा एका दराला झाला आणि रात्री क्लोजिंग दुसरंच दिसतं. ही ॲपची चूक नाही, एनएसईवर क्लोजिंग हे वर्षानुवर्षं शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या सरासरीवरून काढत आलेत, शेवटच्या एका सौद्यावरून नाही. म्हणून यासाठी मी स्टार कापलेला नाही.

आता चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता उखाळ्यापाखाळ्या काढत बसला. संध्याकाळी जेवण झाल्यावर आपला पोर्टफोलिओ बघायला, कंपनीचे तिमाही आकडे वाचायला, पाच वर्षांचा चार्ट मागं-पुढं करायला हे ॲप मला ब्रोकरच्या ॲपपेक्षा आवडतं. मराठीत निकाल वाचायला मिळतात, तेही गूगलचं भाषांतर टाकल्यासारखे नाही, कुणीतरी बसून लिहिलेले वाटतात. डिव्हिडंड कधी, बोनस कधी, हे एका जागी. रात्री नऊ वाजता पंधरा मिनिटांचा उशीर कुणाला विचारायचाय, बाजारच बंद असतो. डिलिव्हरी घेऊन वर्षानुवर्षं ठेवणाऱ्याला, महिन्याला ठराविक रक्कम टाकणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत पण नाही. आणि आमच्या वडिलांच्या काळात भाव म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं पान होतं, १९९४ ला एनएसईवर स्क्रीनचे सौदे सुरू झाले, १९९५ ला बीएसईने बोल्ट ही तशीच स्क्रीनची व्यवस्था आणली, तोवर मुंबईबाहेरच्या माणसाला भाव मिळायचाच एक दिवस शिळा. त्या मानाने पंधरा मिनिटं म्हणजे चैन.

लाइव्हच पाहिजे असेल तर त्यासाठी पैसे भरायची पण गरज नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ब्रोकर हा एक्सचेंजचा मेंबर असतो, त्याला सौदे करायला भाव लागतातच, आणि तेच तो गिऱ्हाइकाला दाखवतो, म्हणून डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलेलं असेल तर ब्रोकरच्या ॲपमधला भाव लाइव्ह आणि तुमच्यासाठी फुकट. तोही प्रत्येक सौदा दाखवत नाही, सेकंदात काही वेळा ताजा आकडा पाठवतो, पण आपल्याला तेवढा बास. डिमॅट नसेल तर एनएसई-बीएसईच्या स्वतःच्या वेबसाइटवर चालू बाजारात एकेक शेअर उघडून भाव बघायला काही लागत नाही. फक्त तिथून प्रोग्राम लावून आपोआप डेटा खेचायला त्यांच्या अटींमध्ये मनाई आहे, कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांनी हे आधी वाचून घ्यावं. आणि जे गूगल शीटमध्ये गूगलफायनान्सचं फंक्शन लावून मोठ्या ऐटीत लाइव्ह पोर्टफोलिओ म्हणून दाखवतात, त्यांनी त्या फंक्शनची माहिती एकदा वाचा, भाव वीस मिनिटांपर्यंत उशिरा असू शकतो असं गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय.

तर तीन स्टार. एक स्टार कापला अलर्टचा. दुसरा कापला त्या करड्या अक्षरांचा, कारण उशीर असणं हा गुन्हा नाही, तो लपवून शेजारी हिरवा ठिपका लुकलुकवणं हा चावटपणा आहे. बनवणाऱ्यांनी भावाच्या बाजूलाच, त्याच साइजमध्ये, किती वाजताचा आकडा आहे ते लिहावं, मी चौथा स्टार लगेच देतो. जाहिरातींबद्दल काही म्हणत नाही, फुकट वापरायचं तर त्या सोसाव्याच लागतात, फक्त मधेमधे रोज पक्की कमाई वाल्या ग्रुपची जाहिरात येते ती दाबू नका. दाजींच्या फोनमध्ये ॲप ठेवलंय, अलर्ट सगळे बंद केलेत. सेटिंगमध्ये सूचना, त्यात भाव-सूचना, तिथं एकेका शेअरचं बटण वेगळं बंद करावं लागतं, सगळे एकदम बंद होत नाहीत.